बाबांची गोळी नेमकी कोण ठरवतं?

काका, नमस्कार.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यात राहतो. पाच एकर कोरडवाहू आहे, कापूस आणि तूर. बाबा ५६ वर्षांचे. सहा वर्षांपासून शुगर, दोन वर्षांपासून बीपी. तालुक्याच्या ठिकाणी एका डॉक्टरांना दाखवतो. महिन्याच्या गोळ्यांचे १,८५० रुपये होतात. दवाखान्याला लागूनच मेडिकल आहे, तिथे आमची उधारी चालते, कापूस विकला की चुकती करतो. पावसाळ्यात हातात पैसा नसतो तेव्हा बाबा एक दिवसाआड गोळी घेतात, हे मला आईकडून फार उशिरा कळलं.

मागच्या महिन्यात यवतमाळला गेले होते तेव्हा जनऔषधी केंद्रात चिठ्ठी दाखवली. महिनाभराच्या गोळ्या ४८० रुपयांत मिळाल्या. मला एवढा आनंद झाला! पण बाबा म्हणाले, "चारशेच्या गोईनं मायी शुगर कशी उतरन? स्वस्तातलं औषध लागू पडत नाही." कशाबशा घ्यायला लावल्या. घरात जुन्या पट्ट्या शिल्लक होत्या, पैसे देऊन आणलेल्या वाया कशाला घालवायच्या म्हणून त्याही सोबत सुरू होत्या. चौथ्या दिवशी वावरात त्यांना घाबरल्यासारखं झालं, दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. आईने साखरेचं पाणी पाजलं तेव्हा बरं वाटलं. त्या भीतीने त्यांनी सगळ्याच गोळ्या बंद केल्या. तीन दिवसांनी डॉक्टरांकडे नेलं तर शुगर २६० निघाली. डॉक्टर रागावले, "मी लिहिलेलं सोडून दुसरं आणायला कोणी सांगितलं? ही औषधं चालत नाहीत." मेडिकलवाले म्हणाले, "त्यात चुना असतो." आता बाबा परत जुन्या गोळ्यांवर आहेत आणि घरात मी दोषी ठरले आहे.

काका, खरं कोणाचं? मी पुन्हा प्रयत्न करू की नको? आणि उरलेल्या गोळ्यांचं काय करू? माझ्या मोठ्या बाबांनाही शुगर आहे, त्यांना देऊन टाकू का?

— आर्णी तालुक्यातली एक मुलगी

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि सोबतचे चिठ्ठीचे, पट्ट्यांचे फोटो मोठे करून पाहिले. आधी वावरातल्या त्या प्रसंगाबद्दल बोलू, कारण बाकीचं सगळं तिथेच अडून बसलं आहे.

बाबांच्या जुन्या पट्टीवर कंपनीचं नाव मोठं आहे, पण त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलंय: ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. जनऔषधीच्या पट्टीवरही हीच दोन नावं आहेत आणि मिलिग्रॅमचे आकडेही तेच. म्हणजे तुम्ही दोन्ही पट्ट्या सोबत चालवल्या तेव्हा बाबांच्या पोटात एकाच औषधाचा दुप्पट डोस जात होता. ग्लिमेपिराइड शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावतं. डोस दुप्पट, वर उन्हातान्हात डवरणी-निंदणी आणि जेवायला उशीर, असं सगळं जुळून आलं की रक्तातली साखर झपकन खाली येते. घाम, थरथर, घाबरल्यासारखं होणं ही त्याचीच लक्षणं, आणि साखरेचं पाणी पिऊन बरं वाटणं हा तर मोठाच पुरावा. इतक्या दुरून मी शिक्का मारू शकत नाही, पण माझा कौल तिकडेच आहे. तुझ्या आईने त्या वेळी केलं ते अगदी बरोबर केलं. पुन्हा कधी असं झालं तर आधी साखर द्यायची, मग जेवण, आणि माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही न घालता सरळ दवाखाना गाठायचा.

आता मेडिकलवाल्यांच्या वाक्याकडे बघ. त्या गोळीत खरोखरच चुना असता तर बाबांची साखर खाली गेली असती का? गोळीत औषध होतं, म्हणूनच त्रास झाला. आणि नंतरची २६० ही तीन दिवस कुठलीच गोळी न घेतल्यावरची शुगर आहे. ती उपाशीपोटी होती की जेवणानंतरची, हे तू लिहिलेलं नाहीस. त्या आकड्याचा दोष जनऔषधीला देता येत नाही, आणि तुला तर मुळीच देता येत नाही. घरात हे शांतपणे सगळ्यांसमोर सांग. डॉक्टरांनाही सांग, कारण दोन्ही पट्ट्या एकत्र चालल्या होत्या हे बहुधा त्यांना अजून माहीतच नाही.

खरं कोणाचं, असं विचारलंस. सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे माझी सगळी नोकरी झाली, आणि तिथून जे दिसलं त्यावरून सांगतो. पेशंटच्या हातात पडणारी गोळी तीन जण मिळून ठरवतात: लिहिणारा, देणारा आणि खाणारा. तिघांची आपापली कारणं असतात. ती समजून घेतल्याशिवाय ४८० रुपयांची पिशवी तुझ्या घरात टिकणार नाही.

डॉक्टरांपासून सुरू करू. "चालत नाहीत" असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. बाबांच्या चिठ्ठीतलं एकही औषध नवं नाही. त्यांचे पेटंट कधीच संपले. आज ते ज्या महागड्या गोळ्या घेतात त्याही मूळ शोध लावणाऱ्या कंपनीच्या नाहीत. आपल्याकडच्या कंपन्यांनी तेच औषध बनवून त्याला आपलं नाव दिलंय, म्हणजे त्याही एका अर्थी जेनेरिकच, पेटंट संपल्यावर कोणतीही कंपनी बनवू शकते अशा. फरक नावाचा, पाकिटाचा आणि ते नाव डॉक्टरांपर्यंत पोचवायला झालेल्या खर्चाचा आहे. तरीही डॉक्टरांच्या मनातली भीती अगदीच पोकळ नाही. त्यांनी नुसतं औषधाचं नाव लिहिलं तर कोणत्या कंपनीची गोळी द्यायची हे काउंटरवर ठरतं, आणि तिथे नफ्याचा विचार होतो. गुण आला नाही तर बोल मात्र डॉक्टरांना लागतो. आपल्याच नागपूर जिल्ह्यात सरकारी दवाखान्यांना पुरवलेल्या अँटिबायोटिक गोळ्या बनावट निघाल्याचं प्रकरण २०२३ मध्ये बाहेर आलं. ते ऐकलेला डॉक्टर स्वस्त गोळीकडे संशयाने बघतो, त्यात नवल नाही.

पण दर्जाचा प्रश्न स्वस्त गोळीपुरता नाही, हे कळायला हवं. केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला चाचणीत नापास झालेल्या औषधांची यादी जाहीर करते, आणि त्या यादीत नावाजलेल्या ब्रँडच्या बॅचही दिसतात. एकच कारखाना एका कंपनीसाठी महाग पाकीट आणि दुसरीसाठी स्वस्त पाकीट भरतो, हे आपल्या देशात रोजचंच आहे. पट्टीच्या मागे "निर्माता" म्हणून वेगळंच नाव असतं, ते वाचून बघ. जनऔषधीची औषधं जागतिक आरोग्य संघटनेच्या उत्पादन निकषांचं प्रमाणपत्र असलेल्या कारखान्यांकडून घेतली जातात आणि दुकानात येण्याआधी प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासली जाते. शिवाय ग्लिमेपिराइड, बीपीची टेल्मिसार्टन यांसारखी पाण्यात सहज न विरघळणारी औषधं बनवण्याचा नवा परवाना घ्यायचा तर ते औषध मूळ औषधाइतकंच रक्तात उतरतं, हे दाखवणं एप्रिल २०१७ पासून सक्तीचं आहे. व्यवस्था निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. पण "स्वस्त म्हणजे खोटं" हे गणित चुकीचं आहे.

आणि दुसरी बाजू. दवाखान्याबाहेर बॅग घेऊन बसलेले एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, तू पाहिलेच असशील. भेटवस्तू, सहली, टार्गेट हे प्रकार या धंद्यात इतके बोकाळले की फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांवर केलेला असा खर्च कंपन्यांना आयकर मोजताना उत्पन्नातून वजा करता येणार नाही असं ठरवलं, आणि मार्च २०२४ मध्ये सरकारने कंपन्यांसाठी नवी आचारसंहिता आणली. तुमचे डॉक्टर त्यातले आहेत की नाहीत, मला ठाऊक नाही. तूही तो शोध घेत बसू नकोस. सहा वर्षं बाबांची नाडी बघणारा माणूस तुझ्या बाजूने वळवायचा आहे, त्याला कोर्टात उभं करायचं नाही.

डॉक्टरांनी औषधाचं नाव लिहावं ही मागणी आजची नाही. औषध उद्योगाचा अभ्यास करायला सरकारने नेमलेल्या हाथी समितीने १९७५ मध्येच ब्रँडची नावं टप्प्याटप्प्याने काढून टाका असं सांगितलं होतं. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत जेनेरिक नावाने लिहिण्याची सूचना आली, २०१६ मध्ये ती अधिक स्पष्ट झाली, सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहा अशी. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने आणखी कडक नियम काढले, पण डॉक्टरांच्या संघटनांनी "आधी सगळ्या औषधांच्या दर्जाची हमी द्या" असा आग्रह धरला आणि त्याच महिन्यात ते नियम स्थगित झाले. हे सगळं सांगतोय ते तू दवाखान्यात जाऊन नियम दाखवावास म्हणून नाही. तुझी मागणी अवाजवी नाही, हे तुला माहीत असावं एवढ्यासाठी.

आता मेडिकल. "चुना असतो" हे त्यांचं बोलणं मला मनापासून खटकलं. औषधाचं शिक्षण घेतलेल्या किंवा औषधाच्या धंद्यात बसलेल्या माणसाने गरीब पेशंटला असं घाबरवू नये. लोक घाबरून गोळ्या सोडून देतात, त्यात असल्या बोलण्याचाही वाटा असतो. पण तू जर त्यांच्यावर "तुम्ही स्वस्त गोळी का दिली नाही" म्हणून रागावली असशील, तर ते मात्र थांबव. कायद्याने त्यांचे हात बांधलेले आहेत. डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधांत, म्हणजे बाबांच्या शुगर-बीपीच्या गोळ्यांत, चिठ्ठीवर ब्रँड लिहिला असेल तर दुकानदाराला स्वतःच्या मनाने तेच औषध दुसऱ्या कंपनीचं देता येत नाही. औषध नियमावलीत तसं स्पष्ट आहे. म्हणून बदल व्हायचा तर तो चिठ्ठीवर व्हायला हवा.

पैशाचं गणितही बघ. ज्या औषधांच्या किमतीवर सरकारने मर्यादा घातली आहे, त्यात दुकानदाराचा वाटा त्याच्या खरेदीच्या किमतीवर १६ टक्के धरलेला असतो. जनऔषधी केंद्र चालवणाऱ्याला विक्रीवर २० टक्के मिळतात. ऐकायला केंद्राचा वाटा मोठा वाटतो, पण शंभराच्या पट्टीवर तेरा-चौदा रुपये सुटतात आणि दहाच्या पट्टीवर दोन. दुकानाचं भाडं, लाइटबिल, पोराचा पगार दोन्हीकडे सारखाच.

एक सापळा आहे, तो नीट समजून घे. तुझ्यासारखी मुलगी जाऊन "जेनेरिक द्या" म्हणाली की काही दुकानदार दुसरं एक पाकीट काढतात. ते असतं जेनेरिकच, पण त्यावर छापील किंमत ब्रँडच्या जवळपास असते आणि दुकानदाराला ते त्याच्या कितीतरी कमी भावात पडलेलं असतं. तो तुला "वीस टक्के सूट" देतो, तुला वाटतं स्वस्त मिळालं, आणि मधला मोठा पैसा त्याच्याकडे राहतो. बेकायदा काही नाही, पण पेशंटचा फायदा थोडाच होतो. जनऔषधीच्या पाकिटावर छापील किंमतच कमी असते. "जनऔषधी सुगम" नावाचं ॲप मोबाइलवर घे, त्यात औषधाचं नाव टाकलं की तिथली किंमत दिसते आणि जवळचं केंद्रही. दुकानात काय पडायला हवं याचा अंदाज घरबसल्या येईल.

आणि उधारी. हा मुद्दा कागदोपत्री कुठे येत नाही, पण आपल्या भागात तोच सगळ्यात जड आहे. पेरणीपासून सीतादहीपर्यंत, म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीपर्यंत, कास्तकाराच्या घरात पैसा नुसता बाहेर जातो. त्या दिवसांत मेडिकलवाला वहीत मांडून गोळ्या देतो, रात्री-बेरात्री शटर उघडतो. जनऔषधी केंद्रात रोख मोजावी लागते. बाबा जुन्या दुकानाला धरून आहेत त्यामागे औषधावरचा विश्वास थोडा आणि हा आधार जास्त असेल. म्हणून ते नातं तोडू नकोस. मागची बाकी कधी देणार ते त्यांना सांगून ठेव, तापाची, खोकल्याची, अडल्यानडल्याची औषधं तिथूनच घे. पण महिन्याच्या ठरलेल्या गोळ्या रोखीने आणायच्या. ४८० रोख हे १,८५० च्या उधारीपेक्षा हलकं ओझं आहे. बचत गट असेल तर आईशी बोल, पावसाळ्याच्या चार महिन्यांपुरती सोय तिथून होऊ शकते.

तिसरे बाबा स्वतः. "स्वस्तातलं लागू पडत नाही" हे एकट्या त्यांचं बोलणं नाही. माझ्या खिडकीवर लोक हात आत घालून म्हणायचे, "ही पांढरी नको, मागच्या वेळची लाल द्या." डॉक्टरने इंजेक्शन दिलं नाही, सलाइन लावलं नाही, तर "काहीच केलं नाही" म्हणून तेच लोक बाहेर जाऊन दुसऱ्या डॉक्टरचं नाव घ्यायचे. साधं, स्वस्त लिहिणाऱ्या चांगल्या डॉक्टरांचे पेशंट मी डोळ्यांदेखत तुटताना पाहिले आहेत. डॉक्टर महाग का लिहितात याच्या उत्तरात आपणही आहोत, हे मला कधी विसरता आलं नाही. बियाण्याच्या दुकानात महाग पाकीट जास्त उगवेल असं वाटतं तसंच हे. पण बियाण्याचं पीक दिसायला चार महिने लागतात, बाबांची शुगर पंधरा दिवसांत मोजता येते. त्यांच्याशी वाद घालू नकोस, त्यांना आकडे मोजून दाखव.

माझ्या मनातली खरी काळजी मात्र वेगळीच आहे. एक दिवसाआड घेतलेली गोळी. कंपनी कोणतीही असो, जी गोळी पोटात गेलीच नाही ती काम करत नाही. वर्षानुवर्षं अशी ओढाताण झाली तर त्याची किंमत डोळे, मूत्रपिंड, पायाच्या जखमा आणि हृदय चुकवतं. त्यात आणखी एक धोका आहे, जो डॉक्टरांनाही दिसत नाही. बाबा गोळ्या चुकवतात, शुगर वाढलेली निघते, डॉक्टरांना वाटतं डोस कमी पडतोय, ते वाढवतात. मग एखाद्या महिन्यात पैसा असतो, बाबा सगळ्या गोळ्या नेमाने घेतात आणि साखर खाली कोसळते. सध्याचा डोस असाच वाढत आलेला नाही ना, हे डॉक्टरांनी तपासायला हवं. त्यासाठी त्यांना चुकवलेल्या गोळ्यांचं खरं सांगावं लागेल. बाबा लाजतील. तू सांग.

तर पुन्हा प्रयत्न कर, पण लपून नको. बाबांना सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा, गर्दी कमी असेल अशा वेळी. घरातल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून ने, जुन्या आणि नव्या. बोलताना जेनेरिक हा शब्द सुरुवातीला आणूच नकोस. म्हण, "सर, आमची चूक झाली, दोन्ही गोळ्या सोबत चालल्या होत्या. आणि एक सांगायचं राहिलं, पावसाळ्यात पैशामुळे बाबा एक दिवसाआड गोळी घेतात. महिन्याला पाचशेच्या वर आम्हाला झेपत नाही. एवढ्यात बसेल असं लिहून द्याल का? औषधाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून दिलं तर आम्ही जनऔषधीतून आणू आणि पंधरा दिवसांनी शुगर-बीपी मोजून तुम्हाला दाखवू." बहुतेक डॉक्टर असं ऐकल्यावर नरमतात. पेशंटला किती झेपतं हे त्यांना कोणी सांगतच नाही, म्हणून ते विचारातही घेत नाहीत. आणि "दाखवायला परत येऊ" म्हटलं की पेशंट हातचा जातोय ही भीतीही राहत नाही.

त्याच भेटीत चिठ्ठीतल्या शेवटच्या दोन गोळ्यांबद्दल विचार. पॅन्टोप्राझोल म्हणजे गॅसची, आणि दुसरी जीवनसत्त्वांची. बिलातला बराच भाग त्याच खातात असं फोटोवरून दिसतंय. गॅसची गोळी वर्षानुवर्षं लागतेच असं नाही. जीवनसत्त्वांची मात्र आपल्या मनाने बंद करू नकोस, कारण मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत बी-१२ कमी होऊ शकतं. ती का दिली आहे, हे डॉक्टरच सांगतील.

डॉक्टर हो म्हणाले की बदल एकाच दिवशी करायचा. त्या सकाळपासून जुनी शुगर-बीपीची एकही पट्टी घरात हाताशी नको. बदलाआधी उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी अशी शुगर मोजून वहीत लिही, मग दोन-तीन आठवड्यांनी त्याच दोन वेळांना पुन्हा मोज. बीपी दर वेळी साधारण एकाच वेळेला, बसून, थोडा दम खाल्ल्यावर. यासाठी तालुक्याला जायची गरज नाही. गावच्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतात, त्या दोन्ही मोजून देतात, पैसे लागत नाहीत. तीन महिन्यांनी एचबीए१सी तपासणी करून घ्या. तीन महिन्यांची सरासरी त्यात कळते आणि बाबा, डॉक्टर, मेडिकलवाले सगळ्यांना एकच आकडा दाखवता येतो. गोळीचा रंग किंवा वास वेगळा लागेल, मेटफॉर्मिनला तर काहींना माशासारखा वास येतो, त्याची कल्पना बाबांना आधीच देऊन ठेव. मेटफॉर्मिनपुढे "एसआर" लिहिलं असेल तर आणतानाही एसआरच आणायची, ती गोळी हळूहळू विरघळायला बनवलेली असते, साधीशी तिची अदलाबदल करायची नाही.

यवतमाळला दर महिन्याला एसटीने जाणं परवडणार नाही. निघण्याआधी केंद्रात फोन करून औषधं आहेत का विचार, कारण साठा संपलेला असणं ही तिथली खरी अडचण आहे. दोन महिन्यांच्या एकदम आण, मुदत बघून. आणि त्याआधी एकदा तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात चौकशी कर. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन या गोळ्या तिथे ठेवल्या जातात. कधी असतात, कधी संपलेल्या असतात, हे मी खिडकीच्या आतून अनुभवलं आहे. पण ज्या महिन्यात मिळतील त्या महिन्याचे ४८० सुद्धा वाचतील. फक्त तिथली गोळी आणली की जनऔषधीची त्याच नावाची बंद. वावरातला प्रसंग पुन्हा नको.

डॉक्टरांनी सगळं ऐकूनही नाहीच म्हटलं, तर ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना दाखव. तो तुमचा हक्क आहे, बेइमानी नाही.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक सूचना, कारण असं पत्र वाचून लोक घरातल्या सगळ्याच पट्ट्या बदलायला निघतात. फिट्सची औषधं, थायरॉइडची गोळी, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, मानसिक आजारावरचं लिथियम यांच्यात रक्तातल्या मात्रेचा थोडासा फरकही महागात पडू शकतो. ही औषधंही जेनेरिक मिळतात आणि चालतात, पण कंपनी वारंवार बदलायची नाही, आणि बदलायची असेल तर डॉक्टरांना सांगून, तपासणी ठेवून.

उरलेल्या गोळ्या मोठ्या बाबांना देऊ नकोस. त्यांचं मूत्रपिंड कसं आहे, ते कोणती गोळी किती घेतात, जेवणं वेळेवर होतात का, हे तुला माहीत नाही, आणि ग्लिमेपिराइड चुकीच्या माणसाला गेली तर काय होतं ते तुमच्या घराने पाहिलं आहे. त्या पट्ट्या बाजूला बांधून ठेव, डॉक्टरांकडे नेताना पिशवीत टाक. त्यांनी हाच डोस ठेवला तर मुदत बघून बाबांनाच वापरता येतील. मोठ्या बाबांना मात्र त्यांची चिठ्ठी घेऊन पुढच्या खेपेला तुझ्यासोबत यवतमाळला ने.